देवासमोर मनगट

शिमग्याच्या कमिटीची बैठक बसली नि गुरुप्रसादनं पयलाच वार केला. म्हणाला, यंदा पालखीसमोर गाऱ्हाणं धाकू घालणार न्हाय, मी घालणार. धाकूच्या तोंडाला घाण येते, शेजारी माणूस टिकत न्हाय, मंग देवानं काय म्हणून सोसावी.

धाकू मान खाली घालून बसला. त्याच्या आज्यानं, बापानं गावाच्या वतीनं देवाला हेच गाऱ्हाणं घातलं. यानं हाक दिली की गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ते काढून घेतलं तर गड्याला गावात इचारतो कोण?

वास व्हता, खोटं कशाला बोलू. मी त्याचा दोस्त, पण मी सुद्धा वारा बघून त्याच्याजवळ उभा ऱ्हायचो. लोक त्याला लवंग द्यायचे, बडीशेप द्यायचे, पण तोंडावर कोण सांगेल तर शपथ. शेजारची येसूबाई म्हणायची, सुक्या बांगड्याचा वास. अगो, सुका बांगडा तर आख्खा गाव खातो. नि धाकू काय करायचा, वास मारायला उठता-बसता मशेरी घासायचा. आगीवर रॉकेल.

“उद्या हातखंब्याला चल, दातांच्या डाक्टरणीकडं,” मी सांगितलं.

“माजा दात दुखत न्हाय.”

“तुजा न्हाय रे, गावाचा दुखतोय.”

डाक्टरणीला दाढ कुजलेली गावली, मशेरीनं हिरड्या सुजलेल्या, जिभेवर ह्यो जाड थर. दाढ उपटली, दात साफ केले नि बजावलं, मशेरी बंद. रात्री निजताना दात घास, रोज जीभ खरवड, पाणी पीत ऱ्हा, तोंड सुकलं की वास सुटतो. जीभ खरवडायला धाकूनं आपली माडाच्या पातीची काडी, हीर, वाकवली. मशेरीचा डबा गोदूबाईनं, त्याच्या बायकोनं, शेणाच्या खड्ड्यात गाडला.

शिमग्याला गुरुप्रसाद नारळ धरून पालखीसमोर उभा. धाकू गर्दी सारत पुढं आला.

“बाजूला हो. गाऱ्हाणं माजं हाय.”

“नि तोंडाचं काय?”

मी ह्याचीच वाट बघत व्हतो. म्हटलं, बरोबर बोलला, देवासमोर तोंड साफ पायजे. पण ‘व्हय म्हाराजा’ तर सगळेच म्हणतात, मंग तपासू सगळ्यांचं. डाक्टरणीनं रीत दाखवलीय. मनगट चाटायचं, सुकू द्यायचं नि हुंगायचं.

धाकूनं चाटलं, सुकवलं नि येसूबाईच्या नाकाशी धरलं. तिनं हुंगलं, परत हुंगलं.

“काय येत न्हाय बा.”

मंग भर उन्हात आख्खी कमिटी मांजरागत मनगटं चाटत उभी. एकेकाचं नाक असं वाकडं झालं की देवळामागं पोरी हसून लोळल्या. गुरुप्रसादनं आपलं मनगट हुंगलं, गपचूप लेंग्याला पुसलं नि तोंड फिरवून नारळ धाकूच्या हातात दिला.

धाकूनं छाती भरून हाक दिली.

“बा देवा म्हाराजा, ज्यांनी माजी घाण पाठीमागं सांगितली, त्यांस्नी तोंडावर सांगायची छाती दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” आख्खा गाव म्हणाला. तोंडावर हात ठेवून.