वाचनालयाच्या कॉर्निसचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे. वीतभर जस्ताचा पत्रा आणि त्याच्या पाठीशी ठोकलेली लाकडी फळी, एवढाच माझा देह. माझी एक कड मात्र वळणावळणांची कापलेली आहे. भिंत आणि छत जिथे मिळतात, तिथे ओलं प्लास्टर लावून त्यावरून मला ओढत नेतात. माझ्या कडेचा आकार त्यात उमटत जातो. त्या नक्षीदार पट्ट्याला कॉर्निस म्हणतात.

माझा जन्म घाटकोपरच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत झाला. पत्रा मरोळच्या एका कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून आणलेला. भाऊराव जालन्याकडून आलेले प्लास्टरचे मिस्त्री. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी आखलेली कॉर्निसं ओढली, आणि त्यांच्या पत्नी सुंदराबाई खाली घमेल्यात माल कालवत राहिल्या. त्यांची मुलगी संघमित्रा आर्किटेक्ट झाली. वस्तीच्या वाचनालयाचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने कॉर्निस स्वतः आखलं. जुन्या रोमन इमारतींवर असते तशी फुगीर गोलाई, तिच्याखाली खोबण, सगळं कंपासने मोजून.

भाऊरावांनी कागद बराच वेळ पाहिला.

"आकार बरोबर हाय, पोरी. पण सावली कुठंय?"

"म्हणजे, पप्पा?"

"खिडक्या एकाच बाजूला. ऊन रस्त्यावरनं उसळून खालून येणार. गोलाई अशी पुरी गोल ठेवलीस, तर उजेड सगळीकडं सारखाच पसरंल. लांबून सपाट दिसंल."

त्यांनी पेन्सिल घेतली. गोलाई जरा चपटी केली आणि वरच्या टोकाशी एकदम आत वळवली. खोबणीच्या आधी करंगळीएवढी सपाट कड ठेवली. म्हणाले, "हितं रेघ पडंल सावलीची."

संघमित्राने कागद जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "रोमन लोक कंपासने काढायचे, ग्रीक लोक हाताने. कॉलेजात शिकलेय मी हे. का ते आज कळलं."

भाऊरावांनी त्याच रेघेवरून मला कापलं, कानशीने घासलं. आणि काम सुरू व्हायला पंधरा दिवस असताना त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला.

वाचनालयाच्या कमिटीतली माणसं चांगली होती, पण त्यांना घाई होती. थर्माकोलच्या तयार पट्ट्या चिकटवू, असं ठरत आलं. संघमित्राने एक दिवस मागून घेतला. परांचीवर चढून तिने मला हातात धरलं. पहिल्यांदा माल पातळ होता, सगळा ओघळला. दुसऱ्यांदा तो लवकर घट्ट झाला आणि मी मध्येच अडकलो, निम्मं प्लास्टर सोलून निघालं. भाऊराव खाली खुर्चीत बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

सुंदराबाईंनी हात धुतले, पदर खोचला आणि त्या वर चढल्या.

"दे इकडं."

"तुला जमंल का गं?" भाऊरावांनी विचारलं.

"तीस वर्सं 'आता ओढा' म्हणून तुमाला कोण सांगत हुतं?"

त्यांनी ओल्या मालाला बोट लावलं आणि थांबल्या. पुन्हा बोट लावलं. मग मला टेकवलं आणि ओढलं. इतकी वर्षं माल कालवून तो हात खरबरीत झाला होता, पण जराही थरथरत नव्हता. एका दमात मी आठ फूट गेलो. माझ्यामागे गोलाई उमटली, खोबण उमटली, आणि दोन्हींच्या मध्ये सावलीची एक बारीक, काळी रेघ.

भाऊरावांनी डाव्या हाताने तोंड पुसलं. "थांबू नको," एवढंच म्हणाले. "म्होरं जा."

तीन दिवसांत चारही भिंती झाल्या. उद्घाटनाला आलेले लोक माना वर करून पाहत राहिले. गडबडीत मला धुवायचं राहून गेलं. प्लास्टर अंगावर वाळलं, मी माळ्यावर गेलो, माझ्यावर जुनी शेगडी आली. पत्र्यावर पांढरे डाग चढले आणि माझी कड वाकली.

दोन वर्षांनी छत गळलं आणि दोन फूट कॉर्निस खाली आलं. संघमित्राने मला शोधून काढलं. वाकलेली कड पाहून तिचा चेहरा उतरला. "नवीन कापून घेऊ," ती म्हणाली.

"नको," भाऊराव म्हणाले.

सुंदराबाईंनी मला दोन्ही हातांनी पाटावर दाबून धरलं आणि भाऊराव डाव्या हाताने कानस फिरवू लागले. सकाळभराच्या कामाला चार दिवस लागले. कोणी घाई केली नाही. मग सुंदराबाईंनी मला तुटलेल्या जागेवरून ओढलं. आज नवं आणि जुनं कुठे जुळलंय ते संघमित्राला बोट फिरवूनही सापडत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या हत्याराला कौतुक नाही मिळालं तरी चालतं. काम झालं की माल वाळायच्या आत मला धुऊन, पुसून ठेवा. वाळल्यावर फार खरवडावं लागतं, आणि त्यात कड जाते.