जिवंत गोगलगायीचं वय

प्रयोगशाळेतल्या टेबलावर सात ट्रे. प्रत्येकात नऊ पिशव्या, म्हणजे त्रेसष्ट. तिनं तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा एकसष्टच भरल्या. बासष्ट आणि त्रेसष्ट क्रमांक गायब होते.

त्या दोन पिशव्यांत आजच्या सरोवरातून वेचलेल्या गोगलगाई होत्या. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्या सरोवराभोवती डोंगरउतारावर जुने काठ पायऱ्यांसारखे दिसतात. सगळ्यात वरचा आजच्या पाण्याच्या चौऱ्याण्णव मीटर वर. एके काळी सरोवर आजच्या चौपट पसरलं होतं. केव्हा, ते त्या काठांवरच्या शंखांतला कार्बन सांगतो. पण तिथलं पाणी चुनखडीतून झिरपत येतं, सोबत जुना कार्बन आणतं, आणि शंख आहे त्याहून म्हातारा भासतो. किती, हे कळायला जिवंत गोगलगाय मोजायची. तिचं वय शून्य यायला हवं. शून्याच्या वर जेवढं येईल ती चूक, आणि ती सगळ्या वयांतून वजा करायची.

तिनं त्या गुडघाभर पाण्यात उभं राहून वेचल्या होत्या. ताई काठावरून ओरडत होती, "मोजपट्टे, ये बाहेर! पाय गळून पडले तर तेही मोजत बसशील!" मग तंबूत ताईनंच तिचे पाय मांडीवर घेऊन चोळले होते. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, त्याच प्रयोगशाळेतली. सख्खी नव्हती, एवढंच.

"ताई, बासष्ट-त्रेसष्ट कुठं आहेत?"

"त्या होय?" ताईनं मान वर केली नाही. "ओल्याच होत्या गं. वास मारायला लागल्या, टाकल्या."

त्या तिनं स्टोव्हजवळ दोन दिवस वाळवल्या होत्या. खडखड वाजत होत्या. ती जिना उतरून कार्बन मोजणाऱ्या यंत्राच्या खोलीत गेली.

यंत्रवाले काका तिला बघून हसले. "आलीस? तुझ्या गोगलगाई बाकी भारी निघाल्या. जिवंतपणीच पणजीबाई!"

"मोजल्यात तुम्ही?"

"गेल्या महिन्यात. तुझी ताईच घेऊन आली होती ना. आकडा बघितला, म्हणाली अहवाल नको, नोंद काढून टाका. आता यंत्रातली नोंद मी कशी काढू? माझी नोकरी काढतील." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. दोन हजार एकशे चाळीस वर्षं.

ती वर आली तेव्हा ताईनं तिचा चेहरा एकदाच पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"पेपर मंजूर झालाय," ताई म्हणाली. "बर्फ वितळून सरोवर भरलं, असं मी जगाला सांगून बसलेय. वजा केलं की तारीख पुढं सरकते. तोवर बर्फ संपलेला असतो. मग पावसानं भरलं म्हणावं लागतं."

"मग पावसानं म्हण."

"तुझं काय जातं बोलायला! दुसरं नाव तुझंच आहे त्यावर. बुडालो तर दोघी बुडू."

"मला विचारायचंस तरी."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

केसानं गळा कापतात म्हणजे काय, हे तिला त्या साध्या, खऱ्या उत्तरानं कळलं. ताई खोटं बोलली असती तर रागावता तरी आलं असतं. तिला पायांवरून फिरणारे ते गरम तळवे आठवले, आणि ती आठवण कुठं ठेवावी ते समजेना.

"मोजपट्टे, थोडं थांब. माझ्यासाठी."

ती आपल्या टेबलाशी बसली. वयांचा तक्ता उघडला, एक रकाना वाढवला, एकसष्ट ओळींतल्या साठ शंखांच्या वयांतून तोच आकडा वजा केला. एकसष्टाव्या पिशवीत नुसती वाळू होती; ती ओळ कोरी सोडली. ईमेलमध्ये पेपर छापणाऱ्या संपादकांचा पत्ता घातला, ताईलाही प्रत लावली आणि पाठवलं.

सर्वांत वरचा काठ, उंची ९४ मीटर. मोजलेलं वय १६,३०० वर्षं. दुरुस्त वय १४,१६० वर्षं.