पाटावरची रांग

"दीक्षेत दानम्माला इष्टलिंग देऊ नका, खाली पाडंल ती," असं शिवकांतानं चार बायकांत सांगितलं, तेव्हा गुरम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंद झाली म्हणून काय, जिभेला काही हाड?

पण धास्ती तिलाही होतीच. बहात्तरच्या दुष्काळात उदगीरच्या एका बारवेत, पायऱ्यांवरून घसरून, तिची चार वर्षांची लेक दानम्मा कोरड्या तळाशी पडली. डोकं फुटलं. पोर वाचली, चालली, बोलली. बापानं साखर वाटली. खरं दुखणं पुढंच होतं. कामं वाढली तशी पोर अडायला लागली. आधण ठेवायची आणि चूल पेटवायचं विसरायची. मास्तर म्हणाले, आळशी आहे. आळशी म्हणे! लातूर जिल्हा झाला त्या साली तिथल्या डॉक्टरांनी नीट सांगितलं, "मार तेव्हाचाच, बाई. लहानपणी झाकून गेला. आता एकामागून एक करायची कामं आली, तिथं तिचं अडतंय. समज आहे पोरीला, क्रम हुकतो."

तेव्हापासून गुरम्मा रोज पाटावर पूजेचं सगळं रांगेनं मांडून द्यायची. पाणी, विभूती, बेल, फूल. डावीकडून उचलायचं, झालं की उजवीकडं ठेवायचं. पोरीनं लिंगपूजा अशीच घोटली. काय चिकाटी म्हणावी!

दीक्षेच्या दिवशी मठाच्या स्वामींनी लिंग दानम्माच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "पूजा कर, माय. नीट झाली की गळ्यात बांधतो."

शिवकांतानं तेवढ्यात, चांगलं दिसावं म्हणून, पाटावरचं सगळं चांदीच्या ताटात गोल मांडून ठेवलेलं. रांगच मोडली.

दानम्मा ताटाकडं नुसती बघत राहिली.

"म्हणलं नव्हतं मी?" शिवकांता पुटपुटली.

गुरम्मा उठलीच.

"थांब, आई. मी करायलेय ना."

लिंग असलेला डावा हात तिनं छातीशी धरला. उजव्या हातानं ताटातलं एकेक काढून पाटावर ठेवायला लागली. पाणी ठेवलं. बेल ठेवला, परत उचलला, विभूती ठेवली, मग बेल, मग फूल. आणि मग सावकाश पूजा केली, कुठंही न चुकता.

स्वामींनी लिंग गळ्यात बांधलं. गुरम्मा भिंतीला टेकून घळाघळा रडत होती. रांग रोज ती स्वतःच लावून द्यायची. रांग लावायला लेकीला तिनं कधी शिकवलंच नव्हतं.