पिवळ्या पाठीचं सातवं मेंढरू

लाकडाचं अंग, काचेचं तोंड, पोटात तारांचा गुंता आणि छातीवर एक दांडी नि दोन बटणं. मित्रांनो, असा मी गेमचा डबा. नाणं टाकलं की जिवंत व्हायचो, नाही टाकलं की मेलेला. बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळी गावच्या हमरस्त्यावर, नागप्पाच्या चहाच्या हॉटेलात माझी उमर गेली. गोड बोलणं मला जमत नाही, पण खोटंही बोलणार नाही.

माझं लाकूड हैदराबादच्या एका गल्लीत कापलं गेलं. पोटातली, खेळ भरलेली सर्किटची पट्टी कुठल्या देशातून आली, ते मला ठोकणाऱ्या सुतारालाही ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्या कपाळावर एक काच बसवली. तिच्यावर लाल इंग्रजी अक्षरांत खेळाचं नाव होतं, 'द सेव्हन्थ'. बस्स. सातवा कोण, सातवं काय, हे लिहायला कुणाला सवड झाली नसावी. नाव ठेवणारे ठेवून मोकळे होतात. निस्तरायचं आमच्यासारख्यांनी.

नागप्पा मूळचा मेंढपाळ. चराईच्या माळाला तारेचं कुंपण पडलं, मेंढरं न्यायची कुठं? कळप विकून त्यानं हॉटेल टाकलं. गिऱ्हाइकांसाठी एखादा गेमचा डबा घ्यावा म्हणून तो हैदराबादला आला. दुकानात बंदुकीचे खेळ होते, मोटारीचे होते. माझ्या काचेत मात्र घोंगडीसारखं काही पांघरलेला, हातात काठी घेतलेला माणूस मेंढरं हाकत होता. नागप्पा माझ्यापुढं मटकन बसला. दुकानदार बाकीचे डबे दाखवत राहिला, पण ह्याची मान वळली नाही. अशी माझी खरेदी झाली.

खेळ सोपा होता. काचेतला दिवस मावळायच्या आत मेंढरं दगडी वाडग्यात, म्हणजे दगडांनी वेढलेल्या आवारात, कोंडायची. सहा पांढरी मेंढरं माळभर पांगलेली असायची. ती आत गेली की घंटा वाजायची आणि पुढचा माळ यायचा. लांब एका खडकावर आणखी एक मेंढरू उभं असायचं. त्याची पाठ पिवळी होती. ते नाही आलं तरी खेळ पुढं चालायचा. फक्त संपायचा नाही.

ती पिवळी पाठ पाहून नागप्पानं पहिल्याच दिवशी हात जोडले. त्याच्या घराण्याची रीत होती, कळपातलं एक मेंढरू मल्लण्णाच्या, म्हणजे तुमच्या खंडोबाच्या, नावानं सोडायचं. त्याच्या पाठीला भंडारा लावायचा. त्याला हाकायचं नाही, कोंडायचं नाही, विकायचं नाही. अख्खा कळप विकला तेव्हा तसलं एक त्याच्याकडं उरलंच होतं. म्हातारं होऊन मरेपर्यंत ते हॉटेलच्या मागं मोकळं हिंडायचं.

नागप्पानं पोरांना बजावलं, "पिवळ्याच्या मागं लागायचं न्हाई. देवाचं हाय ते."

"अण्णा, गेममधलं बी?"

"देव काय काचंला भितो का?"

मित्रांनो, वीस वर्षं हा कायदा चालला. पोरं शाळेतून सुटून यायची, दप्तरं बाकड्याखाली ढकलायची आणि माझ्या दांडीला झोंबायची. सहा मेंढरं आत घ्यायची, सातव्याला लांबूनच नमस्कार करायची. एखादं परगावचं पोर पिवळ्याच्या दिशेनं वळलं, की मागची चार पोरं त्याचा हात धरायची. अशी माझी कीर्ती होती. निंबर्ग्याहून पाहुणे आले तरी त्यांना आधी मला दाखवत.

नावाचा वाद मात्र मिटेना. गुंडेराव गुरुजींनी डिक्शनरी आणली आणि बोट ठेवून सांगितलं, "सेव्हन्थ म्हणजे सातवा. सात माळ पार केले की खेळ संपतो." पोरांनी सात माळ पार केले. आठवा आला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि माझ्यात बिघाड आहे असं जाहीर केलं. शिकलेला माणूस आपली चूक यंत्राच्या गळ्यात कशी अडकवतो, ते मी तेव्हा पाहिलं.

एक ट्रकवाला चहा फुंकत, काचेतल्या मेंढपाळाकडं बोट दाखवून म्हणाला, "छे मेंढियां, सातवां उनो चरवाहा. नाम उसीकाच है."

नागप्पा म्हणायचा, "सातवं म्हंजे देवाचं. डब्यावर नाव बी त्याचंच."

त्याची बायको जगदेवी भजी तळता तळता टोमणा हाणायची, "खरी मेंढरं इकलास अन् काचंतली राखायलास. तुज्या डोस्क्याचा अर्थ सांगा म्हणावं कुणीतरी."

सगळे हसायचे. नागप्पाही हसायचा. मग फडकं घेऊन माझी काच पुसायचा.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. बाकड्यावर पोरं शेजारी शेजारी बसायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत. मला मागच्या खोलीत ढकललं. अंगावर कांद्याची पोती आली, पोटात उंदरांनी घर केलं. जगदेवी वारली. नागप्पाला धाप लागायला लागली. त्याच्या मुलानं, अनिलकुमारनं, हॉटेल मोडून मोबाइलचं दुकान काढायचं ठरवलं आणि सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला.

ते ऐकून नागप्पानं आपली खाट माझ्यापुढं आणून टाकली.

"अप्पा, कामून हट्ट करायलास? उंदरं झाल्यात त्याच्यात," मुलगा म्हणाला.

"उंदराला ने की. डबा न्हाई द्यायचा."

"बंद पडलाय त्यो. काय करणारैस ठिवून?"

"टेम्पो माज्या अंगावरनं ने."

अनिलकुमार वाईट माणूस नाही. त्याला जागा हवी होती. पण म्हाताऱ्याचं मन कशात अडकलं आहे, हे विचारायला लागतो तेवढा वेळही त्याच्याकडं नव्हता.

तो वेळ त्याच्या मुलीनं काढला. मंगल बीदरला कॉम्प्युटर शिकते. रविवारी ती घरी आली, आजोबांच्या खाटेवर बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मग पोती बाजूला सारून तिनं माझी पाठ उघडली, उंदरांची चिंध्या-कागदं काढली, जळलेला फ्यूज बदलला. दुपारी माझी काच हळूहळू उजळली. बातमी फुटली, गुंडेराव गुरुजी काठी टेकत आले. अनिलकुमार दारात उभा राहिला.

मंगलनं सहावं मेंढरू वाडग्याच्या तोंडाशी आणून दांडी सोडली.

"आज्जा, नाव कुणाचं हाय ते बघायचं असंल, तर सातव्याकडं जावं लागतंय."

नागप्पा काचेजवळ सरकला. काचेतलं ऊन उतरत होतं.

"मंगल," तो म्हणाला, "उद्या डबा गेल्यावर ते कुठं जातंय?"

"कुठं न्हाई आज्जा. तिथंच ऱ्हातंय."

"उघड्यावर?"

मंगलचा हात पुन्हा दांडीवर गेला.

"आत घे त्याला," नागप्पा म्हणाला.

तिनं दांडी खडकाकडं वळवली. काचेतला मेंढपाळ जेमतेम दोन पावलं गेला असेल, तोच पिवळ्या पाठीचं मेंढरू आपणहून खडक उतरलं आणि त्याच्या मागं मागं चालू लागलं. हाकावं लागलं नाही, अडवावं लागलं नाही. सातही आत गेली, दार मिटलं. मेंढपाळ उंबऱ्यावर टेकला. मग खेळ तयार करणाऱ्यांची नावं वर सरकत गेली आणि काच काळी झाली. माझ्या जन्मात पहिल्यांदाच खेळ संपला होता.

"पण अर्थ कुठं दिलाय?" गुरुजी म्हणाले.

नागप्पाचं लक्ष नव्हतं. "येतो म्हणायलतं ते," तो पुटपुटला. "मीच बाहेर ठिवलो इतकी वर्षं."

"तू न्हाई आज्जा. रीत हाय आपली," मंगल म्हणाली.

सोमवारी टेम्पो आला. अनिलकुमार बराच वेळ हमालांना आत सोडेना. मग म्हणाला, "अप्पा, ऱ्हाऊ द्यायचा का डबा? दुकानात कोपरा काढतो."

नागप्पानं स्वतःच खाट उचलून भिंतीला लावली.

"न्यू दे. आता बाहेर कुणी ऱ्हायलं न्हाई."

मित्रांनो, सध्या मी बीदरच्या एका गोदामात पडून आहे. तांबं काढून घेतील, लाकूड जाळतील. त्याचं रडगाणं गात नाही. माझ्या नावाचा खरा अर्थ मलाही माहीत नाही. नागप्पानं लावला तो चुकीचा असेल. पण त्या चुकीच्या अर्थापायी एका गावची पोरं वीस वर्षं शिकली, की हाताला येणारी प्रत्येक गोष्ट आपली नसते. गुरुजींच्या डिक्शनरीनं एवढं केलं का, सांगा.

तुमच्याही घरी एखादी वस्तू कोपऱ्यात धूळ खात असेल. टेम्पो बोलवायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा. ह्यातलं काही आत घ्यायचं राहिलंय का, एवढंच विचारा. राहिलं असेल तर आधी ते घ्या. मग खुशाल विका.