बगळ्यांचं दुसरं बारसं

सान्वीने बातमी सांगितली तेव्हा मी कणीक मळत होते.

"आजी, तुझा टीम इकडे येतोय. साउथहॅम्प्टनला. फॉर गुड."

सान्वी माझी नात. या देशातच जन्मली, त्यामुळे तिच्या मराठीत टीम कधी तो असतो, कधी ती. मी कणकेतून हात काढला नाही, पण मळणं थांबलं.

माझी टीम म्हणजे नॉटिंगहॅम हेरन्स, बास्केटबॉलची. हेरन म्हणजे बगळा, आणि पोरं होतीही तशीच, नुसते पाय. आम्ही नॉटिंगहॅमला राहायचो तेव्हा सान्वीच्या शाळेने फुकट तिकिटं वाटली होती. माझा मुलगा शशिधर हॉस्पिटलात, सून नीनाही हॉस्पिटलात, मग पोरीबरोबर कोण जाणार, तर आजी. सान्वी दुसऱ्या मॅचलाच कंटाळली. मी नाही कंटाळले. चेंडू जाळीत पडला की पडला, नाही तर नाही. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईला आणखी काय समजून घ्यायचंय? शिवाय तो हॉल उबदार असायचा, आणि रविवारी घरी कुणी नसायचं.

शेजारच्या खुर्चीत ग्लेनिस बसायची. शाळेत मुलांना जेवण वाढण्याच्या कामातून रिटायर झालेली, माझ्याहून थोडी मोठी, केस जांभळट. पहिल्या दिवशी तिने माझ्या साडीकडे बघितलं, मी तिच्या केसांकडे बघितलं, आणि फिट्टंफाट झाली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. मी पर्समधून चकल्या नेत असे, ती कोटाखालून चहाचा थर्मास. "लीला, पोलीस," असं ती हळूच म्हणाली की मी डबा पदराखाली घ्यायचे. माझं इंग्रजी तिथेच तयार झालं. शशिधर म्हणतो, "आई, तुझ्या इंग्रजीत शिव्या फार आहेत." मी म्हटलं, रेफ्रीला दुसरं काही म्हणत असतील तर शिकव, तेही म्हणीन.

जिंकलं की ग्लेनिस म्हणायची, "वुई डिड इट, लीला." आपण जिंकलो. घरच्यांना सोडलं तर या देशात मला 'आपण'मध्ये धरणारं तेवढं एकच माणूस होतं. आणि घरचे तरी कुठे धरतात? ते बोलायला लागतात तेव्हा ड्युट्यांचंच बोलतात.

मग शशिधरला इथल्या हॉस्पिटलात वरची जागा मिळाली. सामान बांधलं, मलाही बांधलं. त्यानंतर ग्लेनिस दर रविवारी मॅच संपली की फोन करायची. कोण पडलं, कोणी चुकवलं, आमचा कप्तान क्वामे कसा उडाला, सगळं सांगायची. मी इथे गॅलरीत खुर्ची टाकून ऐकायचे. माझा आठवडा त्या फोनपाशी संपायचा आणि तिथूनच सुरू व्हायचा.

आणि आता टीमच माझ्या मागे इकडे आली होती. मालक बदलला होता. नवीन मालकाने नवीन हॉल घेतला, हिरवा रंग टाकून निळा-नारिंगी केला आणि नाव ठेवलं साउथहॅम्प्टन टाइड. टाइड म्हणजे भरती. मी म्हटलं, ओहोटीच्या दिवशी काय करणार हे लोक?

सान्वीने फोनवर लोकांचं बोलणं वाचून दाखवलं. नॉटिंगहॅमवाल्यांनी जुन्या हॉलच्या कठड्याला हिरवे मफलर बांधले होते. एकाने खाली फुलं ठेवून मेलेल्या माणसासारखं कार्ड लावलं होतं. इकडचे लिहीत होते, वेलकम होम. कुणाचं होम? एक जण म्हणत होता, नवं चिन्ह टूथपेस्टच्या ट्यूबवरचं वाटतं. ते मात्र खरं होतं.

"ती लोक खूप अपसेट आहे," सान्वी म्हणाली.

मी हात धुतले आणि ग्लेनिसला फोन लावला. "ग्लेनिस, बगळे माझ्याकडे आले बघ."

ती म्हणाली, "ते बगळे नाहीत, लीला. बगळे मेले."

"मेले कसले? पोरं तीच. क्वामे तोच, कोच तोच."

"नाव गेलं. रंग गेला. गाव गेलं. राहिलं काय?"

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग मी मेलेच म्हणायची. आणि तिला सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या सासूचं आणि माझं नाव एकच होतं. एका घरात एकाच नावाच्या दोघी कशा चालतील? आणि तिची बदली होणार नव्हती. आमच्या ह्यांनी तांदळात 'लीलावती' लिहिलं. मी अक्षरं जुळवून वाचलं आणि ही कोण लीलावती म्हणून मागे वळून बघितलं. बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी गाव बदललं, लुगड्याचा रंग बदलला, चुलीची दिशासुद्धा बदलली. "मी रडत बसले का? कुणी माझ्या नावाने कठड्याला मफलर बांधले का? उभी राहिले, स्वयंपाकाला लागले. तुम्हा गोऱ्या लोकांना एका नावाचं एवढं कौतुक."

ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "काय होतं तुझं नाव? आधीचं?"

"ते कशाला हवंय? ते गेलं."

"बघ," ती म्हणाली. "तूच म्हणतेस, गेलं." आणि फोन ठेवला.

त्या रविवारी तिचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी केला नाही. फोन तिने करायचा, ही रीत तिनेच पाडलेली होती, मी का मोडू? गॅलरीत खुर्ची मात्र टाकत होते. नीना एकदा म्हणाली, "आई, आत या, गार आहे." मी म्हटलं, गार मलाच लागतंय ना?

नव्या हॉलातल्या पहिल्या मॅचची तिकिटं निघाली तेव्हा मी सान्वीला दोन काढायला सांगितली, शेजारशेजारची. आणि ग्लेनिसला मेसेज लिहायला लावला. ट्रेन मध्येच एकदा बदलावी लागते. रात्री आमच्याकडे राहा. चकल्या आहेत.

उत्तर आलं, "बघू."

त्या 'बघू'वर मी भाजणी भाजली.

नवा हॉल मोठा होता, नव्या रंगाचा वास येत होता. प्रत्येक खुर्चीवर फुकटचा टी-शर्ट ठेवलेला, निळा, त्यावर ती टूथपेस्ट. लोकांनी मिळाल्या मिळाल्या अंगात घातले. मी साडीवर माझा हिरवा मफलर गुंडाळला होता. एवढ्या निळ्यात मी एकटीच हिरवी. शेजारच्या खुर्चीवरचा टी-शर्ट घडी न मोडता तसाच राहिला. एका बाईने विचारलं, इथे कुणी बसलंय का? मी म्हटलं, माझी मैत्रीण, टॉयलेटला गेलीय. थोड्या वेळाने तिने परत बघितलं. मी म्हटलं, तिचं पोट बिघडलंय.

मॅच सुरू झाली. दिवे गरागरा फिरत होते, कुठे टाळ्या वाजवायच्या ते पडद्यावर लिहून येत होतं. चकल्यांचा डबा मी पदराखालीच उघडला. "पोलीस" म्हणायला कुणी नव्हतं, मग लपवायचं कुणापासून? तरी लपवला.

मध्यंतराला फोन वाजला. ग्लेनिसचा मेसेज. माझ्यापुरतं इंग्रजी मला वाचता येतं. लिहिलं होतं, "तुमचे हरतायत वाटतं."

म्हणजे घरी बसून बघत होती. बघत होती, आणि 'तुमचे' म्हणत होती.

मला लिहिता येत नाही तेवढं पटकन. मी शेजारच्या खुर्चीचा फोटो काढला, घडीच्या टी-शर्टासकट, आणि पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या, म्हणजे तिने बघितला. उत्तर आलं नाही.

शेवटी शेवटी बरोबरीला एकच गुण कमी होता. फाउल झाला म्हणून क्वामेला एकट्याने शेवटचा चेंडू टाकायचा होता. सगळा हॉल चिडीचूप. नॉटिंगहॅमला अशा वेळी आम्ही दोघी मिळून त्याला हाक मारायचो, ती आमची सवय. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कम ऑन, हेरन्स."

एकटीचा आवाज त्या शांततेत केवढा मोठा झाला. क्वामेने टाकायला उचललेला चेंडू खाली घेतला. मान वळवून लोकांत शोधलं. त्याला दिसला असेल का माझा हिरवा मफलर, कोण जाणे. पण वळला तो. न ठरवता वळला, झोपेत हाक ऐकल्यासारखा. मग त्याने चेंडू टाकला आणि तो कडीला लागून बाहेर पडला.

पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "इट्स टाइड, लव्ह." प्रेमानेच म्हणाला. मी चकल्यांचा डबा बंद केला.

आम्ही हरलो. म्हणजे ते हरले.

शशिधर न्यायला येणार होता, त्याला इमर्जन्सी आली. मी बसच्या थांब्यावर बसले. अंगाला खारा वारा लागत होता. दोन्ही टी-शर्ट पिशवीत होते, डब्यात निम्म्या चकल्या. क्वामेची मान डोळ्यांपुढून जाईना. मला कुणी जुन्या नावाने हाक मारली, तर मीही वळेन का? हे कधीच गेले; मारणारा शेवटचा माझा भाऊ होता, तोही गेला. त्याच्यानंतर ते नाव माहीत असलेलं जगात कुणी नाही. माझ्या पोटच्या पोरालाही नाही, त्याने कधी विचारलं नाही. विचारलं होतं एकीनेच.

मी फोनवरचा माईक दाबला, सान्वीने शिकवलाय तसा, आणि माझ्या इंग्रजीत बोलले.

"ग्लेनिस. क्वामेने शेवटचा चुकवला तो माझ्यामुळे. मी हेरन्स म्हणून ओरडले. तो वळला. म्हणजे गेलं नव्हतं, आत होतं कुठेतरी." मग थांबले. एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता, त्याला पुढे जाऊ दिलं. "तू विचारलंस ना. यमुना. घरी यमू म्हणायचे. भाऊ यमे म्हणायचा, भांडण असलं की. बस."

बोट उचललं, गेला मेसेज. एकच करडी रेघ आली, म्हणजे तिच्यापर्यंत अजून पोचला नव्हता. झोपली असेल. किंवा फोन बंद केला असेल.

बस आली. वरचा मजला रिकामा होता, मी वर जाऊन पुढे बसले. पिशवी जड होती, तरी मांडीवरच घेतली. शेजारची सीट मोकळी ठेवली.