हायवासीकाठची पीचची बाग

सोमवार, १२ डिसेंबर १८४२. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फोर्ट गिब्सन इथल्या सरकारी आयोगाने, हायवासी नदीकाठी मागे राहिलेल्या बागेच्या भरपाईसाठीचा टियानेचा दावा बाजूला ठेवला. सहा वर्षांपूर्वी, चेरोकी आदिवासींना पूर्वेकडून हुसकून लावण्याआधी, करारानुसार घरादारांची मोजणी झाली होती. त्या वहीत टियानेच्या नवऱ्याचं नावच सापडलं नाही. दाव्यांची यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

मुलगा इसाक बाहेर आला. टियाने अंगणातल्या शेकोटीपाशी इतर दावेदारांबरोबर बसली होती.

"वहीत आपण नाहीच, आई."

"कुणाचं नाव दिलंस?"

"बाबांचं."

"बाग बाबाची होती?"

"अर्जात घरच्या पुरुषाचं नाव घालायचं असतं. मिशनच्या शाळेत तसंच शिकवलंय."

"तुझा बाप माझ्या घरी राहायला आला तेव्हा एक बंदूक आणि एक कुत्रा घेऊन आला," टियाने म्हणाली. "बंदूक त्याची. कुत्रा तर आठवड्याभरात माझा झाला."

शेकोटीभोवतीच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "आमच्याकडचा तर बंदूकही उसनी घेऊन आला होता गं!"

इसाक हसला नाही. बाप पश्चिमेकडे येताना वाटेतच, मिसिसिपी नदीच्या अलीकडे वारला होता. अर्जात त्याचं नाव लिहिताना इसाकने ते दोनदा गिरवलं होतं.

दुभाष्या हायरम टियानेच्याच कुळातला. तो ऐकत उभा होता.

"मावशी, मोजणीवाल्यांनी काय विचारलं होतं?"

"घर कुणाचं, म्हणून. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना घेवडा घातलेली मक्याची भाकरी खायला घातली, तेव्हा कुठे नीट मोजलं."

"मग चल आत. आणि इसाक, तू आता गप्प राहा."

नवा अर्ज लिहून शपथ घेईपर्यंत तीन वाजले. अधिकाऱ्याने विचारलं, मोजणीच्या वेळी नवरा जिवंत असताना बाग बायकोची कशी? हायरमने तो प्रश्न टियानेला सांगितलाच नाही. स्वतःच उत्तर दिलं, "आमच्यात घर आणि शेत बाईचं असतं, साहेब. वही तुमच्याच माणसांनी लिहिलीय. तिच्या नावाने बघा."

कारकुनाने पानं उलटली. चौदाव्या पानावर बोट थांबलं. त्याने वाचलं : टियाने. ओंडक्यांचं घर एक. मक्याचं कोठार एक. पीचची झाडं बासष्ट, फळावर आलेली. सफरचंदाची नऊ.

हायरमने चेरोकीत सांगितलं. टियानेने पुन्हा सांगायला लावलं. "फळावर" हा शब्द आला तशी ती बाकावर मागे रेलली आणि तिने शालीची गाठ सैल केली.

"त्यांनी तेही लिहिलं," ती म्हणाली.

इसाकने भिंतीला पाठ टेकली. "आई, माझं चुकलं."

"चुकलं तर. आता भूक लागलीय मला. घोडी जुंप."

चार वाजून दहा मिनिटांनी दावा टियानेच्या नावाने दाखल झाला. यादी पन्नास मिनिटांनी बंद झाली. कागद जानेवारीत वॉशिंग्टनला गेले. मार्चच्या अखेरीस हायरमने चौकशी केली, तेव्हा ते पोहोचल्याचं कळलं. निर्णय झालेला नव्हता.