पायरी नसलेलं पाणी

“ढकलू नका, भाऊ.” रेणुकेनं रंगरावांचा हात मधेच धरला.

विहिरीच्या काठावर नऊ वर्षांची छकुली उभी होती. पाठीला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधलेला. डोळ्यांपुढं दोन्ही हातांची बोटं फडफडत होती. खाली पाण्यावर ऊन हलत होतं आणि ती त्या हलण्यालाच हसत होती.

“या गावातले समदे पोट्टे म्या असेच शिकवले,” रंगराव म्हणाले. “मांगून धक्का. दोन गटांगळ्या खाल्ल्या का हातपाय आपोआप चालतात.”

“माह्या पोरीचे नाई चालनार. अन् धक्का देसान तं ती पान्याले नाई भेनार, तुमाले भेईन. मंग कोन शिकवनार तिले?”

रंगराव पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे. अमडापूरच्या शिवारात कुणाची मोटर विहिरीत अडकली की दोराला धरून तेच उतरत. कुणी माणूस विहिरीत गेलं, तरी हाक त्यांनाच येई. साठी ओलांडली तरी छातीतला दम तोच होता. वर काढलेल्यांची नावं ते कधी घेत नसत. फक्त त्या दिवशी जेवत नसत.

रेणुका पहिल्यांदा त्यांच्याकडं आली तेव्हा ओट्यावर टेकलीसुद्धा नव्हती. “पोरगी बोलत नाई. हाक मारली तं पायत नाई. पन पानी दिसलं का धावते. दोनदा गुलाबरावच्या शेततळ्यावरून धरून आनली. डॉक्टर म्हनते ऑटिझम हाये, औषधानं जात नसते. भाऊ, उद्या काई झालं तं लोक तुमालेच बोलावतीन. तवा येसान, त्यापरीस आजच या.”

रंगरावांनी खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला.

तर पाठीचा डबा सोडला. धक्काही टळला. बुलढाण्याच्या विशेष शाळेतल्या एका मॅडमनी सांगितल्याप्रमाणं रेणुकेनं फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. पायरी, दोर, पाणी, पुन्हा पायरी. छकुली ते पुठ्ठे हुंगायची, ओळीनं मांडायची. चार दिवस ती नुसती पाण्यालगतच्या पायरीवर बसली. पाचव्या दिवशी सरकली आणि सरळ खाली गेली. रंगरावांनी मागोमाग उडी घेतली. ती हातभर पाण्याखाली होती. डोळे उघडे, चेहरा शांत, गोधडीत शिरल्यासारखा. वर ओढलं तर तिनं त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

“हिले बुडायचं भ्यावच नाई,” मनगट चोळत ते म्हणाले. “भेनारं पोट्टं शिकवता येते. हिले काय शिकवू?”

“पोहनं राहू द्या. निंघनं शिकवा.”

मग रेणुकेनं गाणं जुळवलं. तिच्या आजीच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या असत, त्याच चालीवर:

एक गं पायरी, काळ्या दगडाची
धर गं माये दोर, वाट उजेडाची
दुसरी पायरी, तिच्यावर शेवाळ
जपून टाक पाय, वर गं आभाळ

काठावरून ती गायची. पाण्याखाली ते पोरीला ऐकू जात असेल का, कोण जाणे. पण महिन्याभरानं “एक गं पायरी” म्हटलं की तिचं डोकं वर यायचं, पाय पायरी चाचपायचा, हात दोर धरायचा. वैशाख लागेपर्यंत ती गाण्यावाचूनही निघू लागली. अंगात फ्रॉक असो, पायात चप्पल असो. जालन्याहून सुट्टीवर आलेल्या तिच्या बापानं, धम्मरत्ननं, विहिरीवरच पेढे वाटले. विहिरीच्या काठावर तोंड गोड करणारी माणसं रंगराव पहिल्यांदाच पाहत होते.

“आता शेततळं दाखवू,” ते म्हणाले.

गुलाबराव आधी तयार होईनात. “माह्या तळ्यात? काई झालं तं पोलीस मले नेतीन ना!”

“न दाखवता झालं तं काय हार घालतीन बे तुले?”

गुलाबरावांनी कुंपणाची तार बाजूला केली.

शेततळ्याला चारी बाजूंनी उतार, उतारावर काळं प्लास्टिक, पाणी लागलं की तेलासारखं निसरडं. छकुलीच्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक रंगरावांनी मनगटाला गुंडाळलं. ती हसत घसरली, आत गेली. रेणुकेनं गाणं धरलं. डोकं वर आलं. पाय पायरीकडं गेला. पायरी नव्हती. प्लास्टिकवरून पाय निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. ती रडली नाही, ओरडली नाही. गाण्यातली पायरी पायानं हुडकत राहिली आणि हुडकता हुडकता खाली गेली.

रेणुकेचा आवाज तुटला. रंगरावांनी सगळ्या ताकदीनं दोर ओढला.

पोटातलं पाणी ओकून छकुली बसली आणि पाण्यावरचं ऊन पाहू लागली. रेणुकेनं तिच्या कमरेचा दोर सोडला.

“म्या तिले पानी नाई शिकवलं,” शेवटी रेणुका म्हणाली. “तुमची विहीर शिकवली.”

“या शिवारात असे बारा तळे हायेत,” गुलाबराव हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रंगराव जाड पिवळा दोर घेऊन आले. त्याला वीत-वीतभर अंतरावर गाठी. काठावर खुंटा ठोकून त्यांनी दोर उतारावरून पाण्यात सोडला.

“बाराही तळ्यात असाच दोर. रंग तोच, गाठी त्याच. तिले एवढंच हुडकनं शिकवायचं.”

“लोक बांधू देतीन?”

“मोटर अडकल्यावर कोनाले बोलावतात, पाहू.”

पण गाठीवर तिचा हात ठेवायला पाण्यात कुणीतरी हवं होतं. रंगराव दोन पावलं पुढं झाले, तशी छकुली कानांवर हात दाबून मागं सरली. कालचा दोराचा झटका तिच्या अंगात बसला होता. रंगराव तिथंच थबकले.

“म्या उतरते,” रेणुका म्हणाली.

“तुले पोहता येते?”

“कवा येईन? आमाले कोनं शिकवलं?”

रंगराव ठोकलेला खुंटा पुन्हा हलवून पाहू लागले. चाळीस वर्षांत गावची शंभरेक पोरं त्यांनी शिकवली, त्यात एकही मुलगी नव्हती. बायांना त्यांनी पाण्यातून फक्त वर आणलं होतं.

रेणुकेनं पदर खोचला, साडीचा काचा मारला, कमरेला दोर बांधून टोक रंगरावांच्या हाती दिलं. गुलाबरावांनी तोंड कुंपणाकडं फिरवलं. पहिल्याच पावलाला ती घसरली, पाण्यात गडप झाली. वर आली ती खोकत, डोळे मिटलेले, एक गाठ मुठीत. गाठीमागून गाठ धरत ती काठावर आली.

“भेली का?”

“हाव. लय.” केसांतलं पाणी निपटून ती पुन्हा वळली. “दोर सोडा.”

छकुली काठावर उकिडवी बसली होती. आईच्या तोंडाकडं ती कधीच पाहत नसे. आताही पाहत नव्हती. मान वाकडी करून, बोटं न हलवता, आईचा हात कोणत्या गाठीवर पडतो, तेवढंच पाहत होती.